बावीस मिनिटांच्या गायकवाड मॅडम

गायकवाड मॅडमबद्दल लिहायचा अधिकार आमच्या सोसायटीत सगळ्यांना आहे, फक्त मला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई स्वतःचं झाकून दुसऱ्याचं गोडगोड लिहितात. बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत मॅडमचं नाव खराब झालं ते माझ्यामुळे. दोन शब्द बोलले मी. ते अजून चारचौघांत परत घेतलेले नाहीत. आमच्या सासूबाई हाती लागेल ते छापील वाचून काढतात, अगदी भेळेचा कागदसुद्धा, तेव्हा हेही कधीतरी वाचतील. वाचू देत. पण आधी मॅडम कशा होत्या ते सांगते.

लग्न होऊन मी या फ्लॅटमध्ये आले तेव्हा माझं पाकशास्त्र एवढंच होतं: कुकरमध्ये सगळं एकदम घालायचं आणि शिट्ट्या मोजायच्या. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दारात साठीच्या पुढच्या एक बाई. सुती साडी, कपाळावर चढवलेला चष्मा, डाव्या मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ.

"मी खालची. गायकवाड. तुमच्या नऊ शिट्ट्या झाल्या."

"अय्या, सॉरी हं. आवाजाचा त्रास होतोय का?"

"आवाजाचं राहू द्या. आत आहे काय? खडी शिजवताय?"

"मुगाच्या डाळीची खिचडी," मी म्हटलं.

"ती आता खिचडी राहिलेली नाही. गॅस बंद करा आणि झाकणाला हात लावू नका. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. आत या म्हटलं तरी दारातच, घड्याळाकडे बघत. आठ मिनिटांनी म्हणाल्या, "हं, उघडा आता." मी उघडलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "साड्यांना खळ म्हणून वापरा. छान कडक होतील."

मला राग यायला हवा होता. पण मी अशी काही फस्सकन हसले की त्यांनाही हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून 'तुमच्या'चं 'तुझ्या' झालं आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात जायला लागले.

मॅडम एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला. अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळेत जाणारी मुलगी, असं घर त्यांनी नोकरी करून एकटीनं ओढलं. आता मुलगी नाशिकला. कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा काही सुटली नव्हती. दूधवाला आला नाही तर तो 'विनापरवानगी गैरहजर'. भाजीत मीठ कमी पडलं तर 'त्रुटीची पूर्तता करावी'. आणि कुठलाही छापील कागद हातात आला, मग तो औषधाचा असो की लग्नाची पत्रिका, की पूर्ण वाचून खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायच्या, 'पाहिले', आणि सही, तारीख. आमच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा त्यांनी 'पाहिले' करून ठेवलं होतं. मी म्हटलं, "अहो मॅडम, हे काय?" तर म्हणाल्या, "नंतर कुणी म्हणायला नको, आम्हाला कळवलंच नव्हतं."

त्यांचं खरं प्रेम मात्र कुकरवर. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, मुठीचं काळं प्लास्टिक झिजून करडं झालेला. खाली जाळी, जाळीखाली दोन बोटं पाणी, पाण्यात लिंबाची पिळलेली फोड, म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. सगळ्यात खालच्या डब्यात तूरडाळ, तीत हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब. मधल्यात बटाटे नाहीतर एखादी भाजी. वर भात. झाकण लावायच्या आधी ते उचलून उजेडाकडे धरायच्या आणि शिट्टी जिच्यावर बसते त्या नळीत एक फुंकर मारायच्या. फूऽऽ. हे रोज. चुकून एकदा विसरल्या आणि झाकण लागलं, तर परत काढून फुंकर.

"सहा, आठ, आठ," त्या म्हणायच्या. सहा मिनिटं मोठ्या गॅसवर, शिट्टी झाली की आठ मिनिटं बारीक गॅसवर, मग बंद करून आठ मिनिटं हात लावायचा नाही. एकूण बावीस. "शिट्ट्या काय मोजता? शिट्टी म्हणजे कुकरची तक्रार. तक्रारी मोजून कुठल्या ऑफिसात काम झालंय? घड्याळ बघा." संध्याकाळी बसमधून उतरून सहा चाळीसला घरात पाय, सात वाजून दोन मिनिटांनी सासूबाईंच्या तोंडात पहिला घास, असं त्यांनी पंचवीस वर्षं केलं. मधल्या वेळात कणीक मळायची, सासूबाईंची कूस बदलायची आणि मुलीचे पाढे घ्यायचे. हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुकबिवतुक काही नसायचं. रेल्वेचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं सांगायच्या.

"यातली शेवटची आठ मिनिटं सगळ्यात अवघड," त्या मला म्हणायच्या. "गॅस बंद आहे, वास सुटलाय, भूक लागलीय, आणि आपल्याला काही करायचं नाहीये. माणसाला काही न करणं जमत नाही. चमच्यानं शिट्टी उचलतात, नळाखाली धरतात. मृणाल, एक लक्षात ठेव. शिट्टी उचलली आणि वाफ आली नाही, तर वाफ संपली असं समजू नकोस. डाळीचा फेस नळीत अडकला असला तरी वाफ येत नाही. आत ती असतेच."

मी मान डोलवायची. मनात म्हणायची, किती हो तुमचं ते.

हळूहळू माझ्याबरोबर आणखी मंडळी यायला लागली. हिंजवडीला नोकऱ्या करणारी, दोन-तीन जण मिळून फ्लॅट भाड्याने घेतलेली मुलं, नव्यानं लग्न झालेल्या एक-दोघी, आणि घटस्फोट झालेले तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. दर रविवारी सकाळी नऊला मॅडमच्या स्वयंपाकघरात वर्ग. त्याला त्यांनी चक्क मस्टर केलं होतं, शाळेची रेघी वही, आल्या आल्या सही. नऊ वाजून दहा मिनिटांनी मस्टर फ्रीजवर जायचं. उशिरा आलेल्याला शिकवायच्या, पण सही मिळायची नाही. लोक त्या सहीसाठी जिना धावत उतरायचे हो! सात वाजता उठून कंपनीची बस पकडणारी माणसं, रविवारी झोपायचं सोडून एका म्हाताऱ्या बाईच्या मस्टरसाठी धावत होती.

एका रविवारी त्या आम्हाला मार्केट यार्डात घेऊन गेल्या, डाळ कशी घ्यायची ते दाखवायला. एका दुकानात तूरडाळीचा एक दाणा दाताखाली धरला, चावला, आणि दुकानदाराला म्हणाल्या, "शेठ, ही डाळ माझ्याआधी रिटायर झालेली दिसते." दुकानदार आधी घुश्शात आला, मग हसत सुटला आणि त्यानं आतून दुसरं पोतं काढायला लावलं. परत येताना त्या म्हणाल्या, "जुनी डाळ बावीस मिनिटांत शिजत नाही, मग आपण कुकरला शिव्या देतो. दोष कुणाचा, शिव्या कुणाला." मी तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसले होते. आठवलं की आता अंगावर काटा येतो.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझा गुन्हा तिच्यावाचून कळायचा नाही. एकदा वर्ग संपल्यावर आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो. त्या सहज म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात डबे गोलात ठेवून सगळ्यांनी सगळ्यांचं खायची पद्धत. माझाही डबा गोलात असायचा. पण त्यात चमचा कुणाचा यायचा नाही. कुणी नको म्हणायचं नाही हं, माणसं सभ्य. फक्त चमचा यायचा नाही. मी म्हटलं, बरंच झालं, आपल्याला पोटभर मिळतं."

त्यांच्या हॉलमध्ये बुद्धांची छोटी मूर्ती होती, ती मी पहिल्या दिवशीच पाहिली होती. म्हणजे मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. मी माझा चमचा उचलला आणि त्यांच्या वाटीतलं वरण घेऊन खाल्लं. माझ्या वाटीत तेच वरण असताना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "नोंद घेतली."

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

सासूबाई तेव्हा नारायण पेठेत राहायच्या. त्यांच्या घराला रंग काढला म्हणून पंधरा दिवस आमच्याकडे आल्या. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मॅडमबद्दल मी भरभरून सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गायकवाड म्हणजे नक्की कुठले गं?" पुण्यात हा प्रश्न गावाबद्दल नसतो, हे पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मी म्हटलं, "नाशिककडचे असतील, मुलगी तिथे असते." पुढे एकदा कोथिंबीर मागायच्या निमित्तानं आई स्वतःच खाली जाऊन आल्या. वर आल्यावर म्हणाल्या, "मूर्ती छान आहे त्यांच्याकडची." त्यानंतर त्यांनी कधी काही विचारलं नाही. मॅडमनी पाठवलेलं भरीत मात्र, वातूळ पडतं म्हणून, त्यांनी खाल्लं नाही. मीही आग्रह केला नाही.

आणि मग तो बुधवार. कंपनीची बस कोपऱ्यावर सात चाळीसला येते. मी उशिरा उठले होते. डबे वगैरे न लावता डाळ थेट कुकरमध्येच घातली, तीही दोन वेळची, गळ्यापर्यंत. फुंकर मारली नाही. साडेसात झाले होते. गॅस बंद केला आणि शेवटची आठ मिनिटं माझ्याकडे नव्हती. मी चमच्यानं शिट्टी उचलली. थोडी फुसफुस झाली आणि थांबली. मला वाटलं, संपली वाफ. झाकण फिरवलं.

आवाज असा झाला की खालच्या दुकानातला माणूस बाहेर आला. झाकण छताला. डाळ भिंतीला, पंख्याला, खिडकीला. आई चहाचा कप ठेवायला नेमक्या माझ्या शेजारी आल्या होत्या. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत उकळती डाळ. मला मात्र एक शिंतोडासुद्धा नाही. हे मी कित्येक दिवस कुणाला सांगत नव्हते, कारण सांगताना तोंड कुठे लपवावं कळायचं नाही.

डॉक्टर झाले, पट्टी झाली. संध्याकाळी घरात माणसं जमली. नवरा सुट्टी घेऊन बसलेला. सेक्रेटरी दामलेकाका चौकशीला आलेले. आई सोफ्यावर, हात उशीवर ठेवून. दुखत होतं त्यांना, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी एकदाच विचारलं, "चमच्यानं शिट्टी उचलायची, हे तुला शिकवलं कुणी?"

रागानंसुद्धा विचारलं नव्हतं हो. 'कुणी नाही, माझीच घाई' एवढं म्हटलं असतं तर फार तर दोन दिवस टोमणे ऐकले असते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, नवराही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गायकवाड मॅडमनी."

आई म्हणाल्या, "वाटलंच."

बस्स. दामलेकाकांनी मान हलवली. कुणीही विचारलं नाही की अहो, ती बाई तर फुंकर मारल्याशिवाय झाकण लावत नाही, ती असं कसं शिकवेल? माझं खोटं त्या खोलीत इतक्या पटकन बसलं, जणू त्याची जागा आधीच करून ठेवली होती. आणि लाजेची खरी गोष्ट ही, की मला ते ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर चार प्रश्न आले असते. या नावावर येणार नाहीत, हे माझ्या आतल्या कुठल्यातरी नतद्रष्ट कोपऱ्याला माहीत होतं. वरणात चमचा घालणारी ती मीच.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर आल्या, कुंडीतली कोरफड घेऊन. आई आतल्या खोलीत जाग्या होत्या. मी म्हटलं, "झोपल्यात." मॅडमनी कोरफड माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेल्या. छताकडे पाहिलं. कट्ट्यावरचं झाकण उचलून उजेडाकडे धरलं. नळी डाळीनं गच्च बुजलेली होती.

"फुंकर मारली नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि थांबलीही नाहीस."

"बस होती, मॅडम."

त्यांनी टूथपिक मागितली, नळी साफ केली, फुंकर मारली आणि झाकण जागेवर ठेवलं. "त्यांच्या हाताला जप," म्हणाल्या आणि गेल्या. आपलं नाव गोवलं गेलंय हे तेव्हा त्यांना माहीतच नव्हतं. तीच वेळ होती सांगायची. आतून आईंचा खोकला ऐकू आला आणि मी दार लावून घेतलं.

शुक्रवारी पार्किंगमधल्या फलकावर दामलेकाकांची नोटीस लागली. 'सोसायटीच्या सदनिकांत विनापरवाना पाकवर्ग घेतले जात असल्याचे व त्यातील चुकीच्या मार्गदर्शनामुळे एका ज्येष्ठ महिलेस इजा झाल्याचे निदर्शनास आले आहे. असे वर्ग तत्काळ बंद करावेत. यापुढील अपघातास सोसायटी जबाबदार राहणार नाही.' नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. मी ऑफिसला निघताना ती वाचली आणि बसमध्ये खिडकीला तोंड लावून बसले. संध्याकाळी परत आले तेव्हा नोटिशीखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाहिले'. सही. तारीख.

रविवारी साडेनऊला मी दुधाच्या निमित्तानं खाली उतरत होते. मॅडमचं दार उघडं होतं. टेबलावर मस्टर, शेजारी पेन. कुकरचे तिन्ही डबे घासूनपुसून ओळीनं मांडलेले. त्या एकट्याच खुर्चीवर. मला पाहून म्हणाल्या, "ये मृणाल."

"दूध आणायला चाललेय, मॅडम."

"बरं."

तसंच पुढच्या रविवारी. तिसऱ्या रविवारी दार बंद होतं. तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ मला नंतर लिफ्टमध्ये म्हणाले, "बाई चांगल्या होत्या हो, पण काय सांगावं." मी 'हं' म्हटलं. माझं ते 'हं' त्या दोन शब्दांइतकंच वाईट होतं.

अशी दोन वर्षं गेली. आई गुडघ्यांमुळे आता कायमच्या आमच्याकडेच राहायला आल्या. हातावर फिकट डाग राहिला, बाकी हात बरा. मला त्या लेकीसारखं वागवतात. शेजारणींना सांगतात, "माझ्या हाताला सुनेनं महिनाभर पट्ट्या केल्या." आणि डाग कशाचा असं कुणी विचारलं की म्हणतात, "ती खालची बाई. काहीबाही शिकवायची पोरींना." मी तिथेच असते, भाजी निवडत. जिन्यात मॅडम भेटल्या तर "कशी आहेस?" "बरी आहे." एवढंच. मी कुकर लावायच्या वेळा बदलल्या, का तर त्यांना खाली ऐकू जाऊ नये म्हणून. एकदा घाईत माझ्या सलग चार शिट्ट्या झाल्या आणि मी दाराकडे बघत उभी राहिले. बेल वाजली नाही.

मग कळलं, मॅडम फ्लॅट विकून नाशिकला मुलीकडे चालल्या. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेले. घर खोक्यांनी भरलेलं. स्वयंपाकघरात तेवढा कुकर कट्ट्यावर होता, शेवटचा, आणि त्या त्याची रबरी रिंग काढून पुसत होत्या.

"मॅडम, तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं होतं. तुम्ही शिकवलंत म्हणून."

"माहिती आहे."

"कधीपासून?"

"नोटीस लागली तेव्हापासून. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुकर तुझ्या एकटीचाच उडाला होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या रिंग पुसत राहिल्या. "मला विचारलं कुणी? खुलासा मागवला तर द्यायचा असतो. कुणी मागवला नाही, म्हणजे त्यांना आधीच पटलेलं होतं. ते मला नवीन नाही गं. आयुष्य गेलं त्यात." मग म्हणाल्या, "तू मात्र माझ्या वाटीत चमचा घातला होतास."

मी रडायला लागले. माफ करा, माफ करा, एवढंच येत होतं तोंडात. त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. पाणी दिलं. मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? तोंडी अर्जावर मी काही करू शकत नाही. जिथे नोटीस लागली, तिथे लाव."

मी रात्रीच कागद लिहिला. 'माझ्या सासूबाईंचा हात भाजला तो माझ्या घाईमुळे. शिट्टी चमच्याने उचलू नये, हेच गायकवाड मॅडमनी मला शिकवले होते. मी त्यांचे नाव खोटे घेतले. मृणाल, सदनिका सात.' सकाळी साडेसहाला खाली जाऊन फलकावर टाचणीनं लावला. आणि तिथेच उभी राहिले.

थोड्या वेळानं मॅडम उतरल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या काखेत कापडी पिशवीत बांधलेला कुकर. सामान आधीच पुढे गेलं होतं. गेटबाहेर रिक्षा उभी. फलकापाशी त्या थांबल्या. बॅग खाली ठेवली. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि माझा कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. पर्समधून पेन काढलं. कोपऱ्यात लिहिलं, 'पाहिले', सही, तारीख. पेनाचं टोपण लावलं. माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली आणि जाऊन रिक्षात बसल्या. कुकर मांडीवर घेतला. रिक्षा सुरू झाली, निघून गेली.

मी तो 'पाहिले' बघत होते. किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू. तेवढ्यात मागच्या बाजूनं चपला वाजल्या. गुडघे जरा बरे असले की आई पहाटे सोसायटीतली फुलं तोडायला उतरतात, त्यांच्याच चपला. फटक, फटक, एक पाय ओढत. आईंना फलक वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन वर्षं ज्या बाईला त्यांनी नावं ठेवली, माझ्या शब्दावर ठेवली, आणि ज्या सुनेचं कौतुक केलं... मी विचार असा केलाच नाही. हात आपोआप वर गेला. टाचणी निघाली. कागदाची घडी झाली.

"काय गं, एवढ्या सकाळी इथे?" आईंनी विचारलं.

"काही नाही, मॅडमना सोडायला आले होते."

"गेल्या का? बरं झालं," त्या म्हणाल्या आणि जास्वंदीकडे वळल्या.

आणि तेव्हा गेटबाहेर रिक्षाचा आवाज आला. पुढे रस्ता खणून ठेवलाय, हे रिक्षावाल्याला माहीत नसणार. तो वळून परत आमच्या गेटसमोरून चालला होता, हळूहळू, खड्डे चुकवत. मॅडम याच बाजूला बसलेल्या होत्या, दोन्ही हात कुकरवर. त्यांनी फलकाकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या घडीकडे पाहिलं. मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता.

त्या रागावल्या नाहीत, मान फिरवली नाही. त्यांनी डावा हात उलटा केला आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं, गॅस बंद केल्यावर बघायच्या तसं. मग रिक्षा पुढे गेली.